रकाना क्रमांक सात

माणसाच्या हातून पहिल्या खेपेला अर्ज बरोबर लिहिला जाऊच शकत नाही, हे माझं एकवीस वर्षांच्या नोकरीतलं मत आहे. मी भोकरदनला एका कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसतो. कोणाची रजा, कोणाची बदली, कोणाची वेतनवाढ, सगळे कागद माझ्या टेबलावरूनच साहेबांकडे जातात, आणि पहिल्या फेरीत एकही जात नाही. तारीख नसली तर परत. तारीख असली आणि वार चुकला तरी परत. एका शिपायानं सासरे वारले म्हणून तीन दिवसांची रजा मागितली, तेव्हा मी त्यावर 'मयत सासरे अर्जदाराचेच आहेत काय, खुलासा व्हावा' असा शेरा मारला होता. नियमाप्रमाणे तो शेरा बरोबरच होता. लोक पाठीमागे मला त्रुटीभाऊ म्हणतात. समोर बद्रीनाथभाऊ म्हणतात आणि चहा मागवतात.

असा हा मी १९९७ च्या जानेवारीत एक जुनी मोटार घ्यायला निघालो. मला मोटार चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा मी उतारावर हातात धरून नेतो.

कारण सांगतो. माझी बायको उषा सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती अडीच महिन्यांसाठी. त्याला आता सतरा महिने झाले होते. भांडण नाही, तंटा नाही. आमचा वसंता आणि सून दोघंही नोकरीला जातात, लेकराजवळ कोणीतरी हवंच. हे मी सगळ्यांना सांगायचो, आणि सांगताना आवाज बरा ठेवायचो. दर रविवारी सकाळी स्टँडजवळच्या बूथवर जाऊन पुण्याला फोन लावायचा आणि "कधी येऊन राह्यली?" असं विचारायचं, हा माझा नेम झाला होता. एका रविवारी उषा म्हणाली, "यायचं तर लई हाय वो मनात. पण लेकराला घेऊन एस.टी.त कसं यावं? पुणं ते जालना एक येळ जमन. पण पुढं राजूरच्या रस्त्यानं मोठ्या माणसाचं हाड न् हाड हालतं."

दुसरा कोणी असता तर त्यानं सुस्कारा टाकून रिसीव्हर खाली ठेवला असता. मी आस्थापनेचा माणूस. मला त्या बोलण्यात एक स्पष्ट त्रुटी दिसली, आणि ती म्हणजे वाहन. त्रुटी दूर केली की कागद पुढे सरकलाच पाहिजे. जालन्याहून घरापर्यंत घरची गाडी असली, तर उषा येईल, नातू येईल, त्यांच्यामागे वसंता आणि सूनही येतील. घरात पाच माणसं होतील. मी बूथवरून घरी आलो तो जवळजवळ पळतच आलो.

नवी गाडी माझ्या पगारात बसणारी नव्हती, म्हणून जुनी. ती शोधून दिली शेजारच्या कडूबानं. कडूबा बत्तीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होता आणि निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत त्यानं ओट्यावर बसून आमच्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक वाहनावर शेरे मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्यामुळे आमचं दोघांचं जमायचं. त्याच्या ओळखीचा मच्छिंद्र नावाचा माणूस वाटूर फाट्यावर टायरचं दुकान चालवायचा. दुकानामागे लिंबाच्या झाडाखाली त्यानं एक पांढरी मोटार ठेवली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्या कंपनीचा यात काहीच दोष नव्हता. तिनं गाडी चांगलीच बनवली असणार. पण त्याला तेवीस वर्षं झाली होती, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी बसली होती.

"घरगुती गाडी हाय, भाऊसाहेब," मच्छिंद्र कोंबडीला हाकलत म्हणाला. "बिलकुल एका हातानं चाललेली."

मी कागद मागितले. कागदांत एकूण पाच मालक होते. त्यातले तिसरे मालक चौथ्या मालकाला गाडी विकायच्या सात महिने आधी वारले होते, तरी विक्रीच्या कागदावर त्यांची सही होती, आणि ती आधीच्या सहीपेक्षा ठसठशीत होती. इंजिनचा नंबर एका ठिकाणी सातनं संपत होता, दुसऱ्या ठिकाणी एकनं. मी लिंबाच्या पाराला टेकून अकरा त्रुटी काढल्या. खरं सांगतो, कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"कागद काय, दुरुस्त होऊन जातील जल्दी," मच्छिंद्र म्हणाला. "तुमी असं करा, पंधरा दिवस गाडी वापरून पाहा. घरच्या मंडळीला फिरवा. बराबर वाटली तर बोलू, न्हाई तर आणून लावा इथंच झाडाखाली."

घरच्या मंडळीला फिरवा हे त्याचं म्हणणं मला फार आवडलं. आम्ही गाडी घेतली.

आता कडूबाचं. कडूबा गाडीत बसला, चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि तो समोर बघत नुसता बसून राहिला. मी म्हणालो, "चला की." तो म्हणाला, "हो." तरी गाडी जागची हलेना. दोन मिनिटांनी तो फार संकोचून म्हणाला, "भाऊसाहेब, डबल बेल द्या ना." बत्तीस वर्षं कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवल्याशिवाय ज्याचा पाय क्लचवरून सुटला नाही, त्याचा तो आता कशानं सुटणार? मी खिशातून रुपयाचं नाणं काढून समोरच्या पत्र्यावर टकटक असं दोनदा वाजवलं. गाडी लगेच निघाली.

जालन्याला त्यानं मला काहीच न विचारता गाडी थेट बसस्टँडात घातली आणि भोकरदनच्या फलाटाला उलटी नेऊन लावली. इतक्या सफाईनं लावली, की टोपल्या घेतलेल्या दोन बाया मागचं दार उघडून आत बसल्यासुद्धा. "भोकरदनलाच जाती ना?" असं त्यांनी विचारलं, आणि खोटं बोलायची मला सवय नाही. त्यांना त्यांच्या गल्लीत सोडून आम्ही घरी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. त्यातली एक उतरताना म्हणाली, "गाडी चांगलीय, पर कोंबडीचा वास येतो."

गाडी दारात उभी राहिली आणि सतरा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगणात माणसं जमली. कोणी बॉनेटवर थाप मारली, कोणी वाकून खाली बघितलं. ज्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं त्यांनी टायरला लाथ मारून मान हलवली. "तेल लई खाईल," "रंग काढला तर खाली गंज निघंल," "घेऊन टाका, भाऊ, उमर निघून चाललीय," असे परस्परविरोधी शेरे आले. कडूबाची बायको गोजरबाई हिनं बिब्बा आणि मिरची बांधली. समोरच्या घरात राहणारे धर्मराज सर हायस्कूलला गणित शिकवतात. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "बद्रीभाऊ, रिकामी गाडी चालली यात काही विशेष नाही. हिची परीक्षा भारासहित व्हायला पाहिजे. तुमच्या कुटुंबाचा जेवढा भार, तेवढा भार घालून राजूरपर्यंत न्या. मंग ठरवा."

मी म्हणालो, "कुटुंब पुण्याला आहे."

सर म्हणाले, "तोवर बदली माणसं घ्या."

मला यात काही गैर वाटलं नाही. कचेरीत एक माणूस रजेवर गेला की त्याच्या टेबलावर दुसरा बसवतात, तसंच हे. मी रविवारी फोनवर उषाला विचारलं, "नातवाचं वजन किती झालं?" तिला हा प्रश्न जरा नवलाचा वाटला, पण ती म्हणाली, "मागल्या महिन्यात साडेनऊ किलो भरला." मी किराणा दुकानातून साडेनऊ किलो ज्वारी जोखून घेतली. दुकानदार म्हणाला, "दहा घ्या की सरळ." मी म्हणालो, "नाही, साडेनऊच." ज्वारी मऊ धोतराच्या फडक्यात बांधली.

गाडीत बसायची व्यवस्था अशी. मागे धर्मराज सर, ते वसंताच्या ठिकाणी. त्यांच्याशेजारी गोजरबाई, ती सुनेच्या ठिकाणी. गोजरबाईचं वय साठ आहे, त्यामुळे ती आधी फार लाजली, मग पदर डोक्यावरून घेऊन अगदी सुनेसारखी बसली. तिच्या मांडीवर ज्वारीचं गाठोडं. पुढची सीट सलग होती. उजवीकडे कडूबा, मध्ये मी आणि डावीकडे खिडकीशी उषा. पण उषाच्या जागी कोणाला बसवायचं हे काही ठरेना. एक-दोन शेजारणींना विचारावं असं सरांनी सुचवलं, आणि त्यांनी ते वाक्य स्वतःच अर्ध्यावर सोडलं. शेवटी मी खिशातला रुमाल काढून त्या जागेवर टाकला, एस.टी.त खिडकीतून टाकून जागा धरतो तसा.

राजूरच्या रस्त्याला खड्डे लागले. गोजरबाई प्रत्येक खड्ड्याला गाठोडं छातीशी धरायची. एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा तिनं त्याला थोपटलं आणि "गप, गप, माझं राजं," असं म्हणाली. कडूबा आरशात बघून हसला. तेवढ्यात सरांनाही चेव आला आणि त्यांनी मागून वसंताच्या ऐवजी हाक मारली, "बाबा, जरा हळू घ्यायला सांगा ना!"

मी मागे वळलो आणि म्हणालो, "काय रे?"

मी ते गमतीनं म्हणालो नव्हतो. मला खरंच वाटलं होतं. कित्येक महिन्यांत मला कोणी समोरासमोर बाबा म्हटलं नव्हतं, आणि कानाला कुठे माहीत की हे सर आहेत. सर ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागले.

गाडी परीक्षेत पास झाली. घरी आल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे चहा घेतला आणि आपापल्या घरी गेले. गाठोडं तेवढं राहिलं. मी ते उचलून घरात आणलं आणि ज्वारीच्या डब्यात ओतायला गेलो, पण ओतवेना. ते मी कॉटवर, भिंतीच्या बाजूला ठेवलं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला माहीत आहे, पण तेव्हा मला हसू आलं नाही.

सोमवारी मी अर्ज केला. सरकारी माणसाला वाहन घेताना कचेरीला कळवावं लागतं, त्याचा छापील नमुना आहे. बारा रकाने आहेत. हा अर्ज आस्थापनेच्या टेबलाकडे द्यायचा असतो, म्हणजे माझ्याकडेच. मी टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून तो भरला, ट्रेमध्ये टाकला, चहा पिऊन आलो, मग या बाजूला बसून तो उचलला. स्वतःचा म्हणून सवलत द्यायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

पहिले सहा रकाने निर्दोष होते. इतका सुंदर भरलेला अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. सातवा रकाना होता, 'अर्जदारासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांची संख्या.' अर्जदारानं लिहिलं होतं, 'अर्जदार धरून पाच.'

मी पुष्कळ वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर? मी पेन उघडलं आणि समासात लिहिलं, 'रकाना क्र. ७ मध्ये कुटुंबीयांची संख्या पाच दर्शविली आहे. प्रत्यक्षात अर्जदार एकटाच राहतो, ही बाब या टेबलास ज्ञात आहे. मग कौटुंबिक वाहनाचे प्रयोजन काय? अर्जदाराने तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' खाली सही केली. मग टेबलाच्या त्या बाजूला जाऊन तो शेरा वाचला, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या त्रुटीभाऊचा भयंकर राग आला.

खुलासा सुचत नव्हता. तिसऱ्या दिवशी उषाचं कार्ड आलं. 'शुक्रवारी येते. दुपारच्या गाडीने भोकरदनला पोहोचेन,' असं वर लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. माझा धंदाच कागदाची शेवटची ओळ वाचण्याचा. पण मी 'येते' एवढं वाचलं आणि कार्ड शर्टाच्या खिशात घालून कडूबाकडे पळालो. पुढचं वाचलंच नाही. रकान्याचा खुलासा आपोआप चालत येत होता, मग कशाला वाचायचं?

शुक्रवारी तिला न कळवता जालन्याच्या स्टँडवरच गाठायचं, असा बेत होता. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकला. पत्र्यावर डबल बेल दिली. राजूरच्या अलीकडे गाडीनं एक मोठा उसासा टाकला आणि ती थांबली. कडूबानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि परत लावलं. "काय झालं?" मी विचारलं. तो म्हणाला, "एस.टी.त असं झालं की आमी डेपोला कळवायचो."

आम्ही गाडी फिरवून घराच्या तोंडानं उभी केली आणि एक तास उन्हात बसलो. मग समोरून जालना-भोकरदन गाडी आली. तिच्या ड्रायव्हरनं लांबूनच कडूबाला ओळखलं आणि ब्रेक मारला. "काय उस्ताद, रस्त्यावरच संसार मांडला का?" असं ओरडत तो उतरला. आपल्या जुन्या उस्तादाची गाडी बंद पडलेली बघून त्यानं सगळ्या गड्यांना खाली उतरवलं. वीसेक माणसं गाडीला लागली. मीही इस्त्रीच्या शर्टात मागून जोर लावत होतो. तेवढ्यात बसच्या खिडकीतून ओळखीचा आवाज आला, "अहो! तुमी? हे कोणाचं ढकलून राह्यले?"

मी वर बघितलं. उषा होती. थोडी वाळली होती. केस जास्त पांढरे झाले होते. मी म्हणालो, "आपलंच आहे. म्हणजे, ठरायचं आहे अजून." तिच्या मांडीवर लेकरू नव्हतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

एवढ्यात इंजिन धडधडलं. गाडी सुरू झाली, आणि मागून कोणीतरी आनंदानं टपावर दोनदा थाप मारली. झालं, कडूबाला डबल बेल मिळाली होती. तो मागे न बघता सुसाट निघून गेला, तो थेट भोकरदनला जाऊनच थांबला. मी धुळीत उभा राहिलो. शेवटी बसमध्ये चढलो, आणि कंडक्टरनं माझ्याकडून राजूर ते भोकरदनच्या तिकिटाचे पैसे घेतले. उषाच्या शेजारी एक आजोबा झोपले होते. मी घरापर्यंत तिच्या सीटच्या दांड्याला धरून उभा होतो. तरीही तो प्रवास मला छोटा वाटला.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि सांगितलं. दोन दिवसांसाठी आली होती. वसंतानं आणि सुनेनं तेवढी सुट्टी टाकली होती. "कार्डात लिहिलं होतं की," ती म्हणाली. मी खिशातून कार्ड काढलं. खालच्या दोन ओळी अशा होत्या, 'रविवारी सकाळी परत निघायचं. शिलाईचं मशीन न्यायचं आहे, ते पुसून ठेवा.'

मशीन. लग्नानंतर चौथ्या वर्षी घेतलेलं, हातानं फिरवायचं. आजवर ती पुण्याहून परत यायची आहे असं मी जे धरून चाललो होतो, त्यात या मशीनचा मोठा आधार होता. बाईमाणूस मशीन ठेवून गेलंय म्हणजे परत येणारच. तिनं मशीनवरचं लाकडी झाकण काढलं, पुसलं, तेल दिलं. मी बाजूला उभा राहून तेलाची बाटली धरली.

मग तिचं लक्ष कॉटवरच्या गाठोड्याकडे गेलं. "हे काय बांधून ठेवलं?" मी काही सांगायच्या आत, साखर मागायला आलेल्या गोजरबाईनं सगळं सांगून टाकलं, अगदी 'गप, गप, माझं राजं'सकट. उषा हसली नाही. तिनं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून बघितलं, थोडा वेळ तसंच धरलं. मग ज्वारी डब्यात ओतली आणि म्हणाली, "साडेनऊ न्हाई आता. दहाच्या वर गेलाय."

रविवारी सकाळी कडूबा गाडी घेऊन दारात आला. शनिवारी दिवसभर त्यानं एका मिस्त्रीला बसवून इंजिन साफ केलं होतं, कारण आदल्या दिवशी मला रस्त्यात सोडल्याची त्याला लाज वाटत होती. मागच्या सीटवर मशीन ठेवलं. पुढे डावीकडचं दार उघडून उषा थबकली. जागेवर रुमाल होता.

"कोणाची जागा हाय?"

"तुझीच," मी म्हणालो. "धरून ठेवली होती."

तिनं रुमाल उचलला आणि बसली. रुमाल हातातच ठेवला. मी नाणं काढत होतो, पण कडूबाची खोड तिला गोजरबाईनं सांगितली असावी. तिनंच बांगडीच्या हातानं पत्र्यावर टकटक केलं. गाडी निघाली. माझं कुटुंब त्या गाडीत बसून गेलं ते तेवढंच, तीन माणसं आणि एक मशीन.

राजूर गेल्यावर तिनं विचारलं, "घेणार हाव का मंग ही?"

"तू सांग."

"मी तिकडं, तुमी इकडं. गाडी घेऊन तिच्यात बसवणार कोणाला? कडूबाभाऊजीला?"

"मला काय, मी बसतो," कडूबा म्हणाला, आणि मग आपण बोलायला नको होतं हे कळून त्यानं उगीच हॉर्न वाजवला.

"तुमीच या ना तिकडं," ती म्हणाली. "सारखं आमालाच बोलावता."

"मी आल्तो की."

"चार दिवस. अन् ऑडिट लागलं म्हणून पळून आल्ते. तुमचं ऑडिट कोणत्या महिन्यात असतं ते मला माहीत न्हाई का? वसंता अजून म्हणतो, बाबा रुसले."

मी रुसलो नव्हतो. पण काय झालं होतं ते मला तेव्हाही सांगता आलं नव्हतं आणि त्या गाडीतही सांगता आलं नाही. तिकडे कोणी वाईट वागलं नव्हतं. मी चार दिवस गॅलरीतल्या खुर्चीवर बसून होतो. चपला कुठे काढायच्या हेसुद्धा मला रोज विचारावं लागायचं. मला कोणी काही विचारायला येत नव्हतं, कोणाचा कागद माझ्यावाचून अडत नव्हता. माझ्यावाचून तिथलं सगळं बरोबर चाललेलं बघायला मला आवडलं नाही, एवढंच. म्हणून मी इथे येऊन बसलो आणि ते येत नाहीत म्हणून वाट बघत राहिलो.

जालन्याला पुण्याची गाडी लागलेली होती. मी मशीन आत नेऊन तिच्या सीटखाली ठेवलं, दोनदा हलवून बघितलं. ती खिडकीतून म्हणाली, "जा आता, ऊन चढंल." कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या. गाडी गेटातून वळून दिसेनाशी झाली तरी मी फलाटावरच होतो, कारण घाई असण्यासारखं काही नव्हतं.

परत मोटारीकडे आलो. कडूबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. खिडकीजवळच्या जागेवर माझा रुमाल पडला होता. "सरकवा तो, अन् ऐसपैस बसा," कडूबा म्हणाला. मी उचलला तर जड लागला. एका टोकाला गाठ मारली होती. सोडली तर आत मशीनची बॉबिन, तिच्या स्टीलच्या डबीसकट. तिला लाल दोरा अजून गुंडाळलेला होता.

"इसरल्या वाटतं," कडूबा म्हणाला.

मी गाठ परत बांधली, रुमाल होता तिथेच ठेवला आणि मधल्या जागेवर बसलो. "असू द्या," मी म्हणालो. "जागा धरलीय."

तीन दिवसांनी गाडी वाटूरला लिंबाखाली परत गेली. मच्छिंद्रनं कारण विचारलं नाही. कोंबडी त्याच दिवशी पुन्हा मागच्या सीटवर बसली, असं कडूबा सांगत होता. अर्जावर मी लिहिलं, 'अर्जदाराचा खुलासा प्राप्त नाही. प्रकरण दप्तरी दाखल.'

रविवारी बूथवरून फोन लावला. उषा म्हणाली, "मशीन बंदच हाय. बॉबिन कुठं राह्यली काय की."

"इथं आहे. उद्याच रजिस्टर पोस्टानं पाठवतो."

"पोस्टात हरवती."

"रजिस्टर हरवत नाही. पोचपावती येते."

मागे लेकरू काहीतरी आपटत होतं. मग ती म्हणाली, "अहो, हातानं आणा."

सोमवारी मी टेबलाच्या त्या बाजूला उभा राहिलो आणि पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. माझ्या खात्यावर इतकी रजा साचली होती की त्यात आणखी भर पडायचीही बंद झाली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'शिलाई मशीनचा सुटा भाग पोहोचविणे.' रजेच्या काळातला पत्ता हा रकाना मी आजवर कधी भरला नव्हता. तिथे वसंताचा पत्ता लिहिला, आणि त्याच्या वर 'द्वारा सौ. उषा' असं लिहिलं. मग चहा न पिताच या बाजूला येऊन बसलो आणि पेन उघडलं. एवढासा भाग पोहोचवायला पंधरा दिवस कशाला, असा शेरा माझ्या पेनाच्या टोकाशी आला होता. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता.

मी समासात लिहिलं, 'तपासले. त्रुटी नाही.'